व्हेनियर बसवायचे की नाही? दवाखान्यात रोज विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात हल्ली रोज कुणीतरी मोबाइल पुढे करतं. पडद्यावर एखाद्या नटीचा हसरा चेहरा असतो आणि वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, असे करून द्या." खुर्चीत बसलेला माणूस मुळातच धास्तावलेला असतो, त्यामुळे मी सांगते त्यातलं निम्मं त्याच्या डोक्यावरून जातं. घरी गेल्यावर शंका सुरू होतात आणि रात्री अकरा वाजता मेसेज येतो. म्हणून हे सगळे प्रश्न इथे एकदा निवांत लिहून ठेवते आहे. घरच्यांना सोबत घेऊन वाचा, घाई करू नका.

व्हेनियर म्हणजे नेमकं काय? कॅप आणि व्हेनियर एकच का?

एकच नाही. नखावर खोटं नख चिकटवतात, तसं दाताच्या फक्त पुढच्या बाजूला चिकटवलेलं पातळ कवच म्हणजे व्हेनियर. जाडी साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर. कॅप मात्र दाताला टोपीसारखी चारही बाजूंनी झाकते आणि ती बसावी म्हणून दात सगळीकडून कोरावा लागतो. हा फरक किती मोठा आहे ते २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं. व्हेनियरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागाचा ३ ते ३० टक्के हिस्सा जातो, पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के.

हे आकडे मी मुद्दाम देते आहे, कारण बाजारात कॅपलाही "व्हेनियर" म्हणून खपवलं जातं. इंग्लंडमधून तुर्कस्तानात स्वस्तात दात करायला गेलेल्या कितीतरी तरुणांचे धडधाकट दात कॅपसाठी खुंटासारखे कोरले गेले. त्यांना वाटत होतं आपण व्हेनियर करून घेतोय. तेव्हा सुरुवातीलाच एक साधा प्रश्न विचारा, "डॉक्टर, दात मागून पण कोरणार का?" उत्तर हो आलं, तर ती कॅप आहे.

दात कोरावाच लागतो का? कोरलेला भाग परत भरून येतो का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, बहुतेक वेळा थोडा लागतो. दुसऱ्याचं उत्तर, नाही. कधीच नाही.

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे एनॅमल. आपल्या शरीरात त्याच्याइतकं कठीण काहीच नाही, हाडसुद्धा नाही. पण हाड मोडलं तर जुळतं, एनॅमल गेलं की गेलं. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपून जातात. पुढच्या दातावर या कवचाची जाडी मधल्या भागात जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असते आणि हिरडीजवळ त्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी. म्हणजे आमच्या हातातल्या यंत्राला चूक करायला जागाच नसते. अर्धा मिलिमीटर जास्त गेला की खालचं डेंटिन उघडं पडतं. डेंटिन मऊ असतं, त्याला संवेदना असते आणि त्याच्यावर चिकटवलेलं व्हेनियर एनॅमलवर धरतं तितकं घट्ट धरत नाही.

इथे माझ्या स्वतःच्या हातून झालेली एक गोष्ट सांगते. प्रॅक्टिस सुरू करून चारच वर्षं झाली होती. बावीस वर्षांची मुलगी, सहा आठवड्यांवर लग्न, वरचे दात किंचित पुढे आलेले. तार लावायला वेळ नाही म्हणून घरचे अडून बसले आणि मी आठ दात कोरले. दात मागे नेल्यासारखे दिसावेत म्हणून कोरणं नेहमीपेक्षा खोल गेलं. लग्नाचे फोटो सुंदर आले. नऊ वर्षांनी ती परत आली तेव्हा दोन व्हेनियर सुटून आले होते, एका दाताची नस आत मेली होती आणि तो राखाडी पडला होता. रूट कॅनॉल करून त्या तिन्ही दातांना मीच कॅप बसवल्या. ती मला एक शब्द बोलली नाही. पण दीड वर्ष तार लावून सरळ झाले असते असे ते निरोगी दात होते, आणि ते मला तेव्हाही दिसत होतं. तेव्हापासून दात पुढे आहेत म्हणून व्हेनियर मागणाऱ्याला मी आधी तारेवाल्या डॉक्टरांकडे पाठवते. काही जण रागावून दुसरीकडे जातात. जाऊ देत.

मग कुणी करूच नयेत का?

असं मुळीच नाही. ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी ही फार चांगली सोय आहे. पडून पुढच्या दाताचा कोपरा उडालेला, वरच्या पटाशीच्या दातांशेजारचा दात जन्मतःच दाण्याएवढा बारीक राहिलेला, लहानपणी टेट्रासायक्लिन गटातली औषधं पोटात गेल्यामुळे दातांवर राखाडी-तपकिरी पट्टे आलेले, वयाबरोबर दातांच्या कडा झिजून आखूड झालेल्या. अशांना व्हेनियर सुचवताना मला क्षणभरही संकोच वाटत नाही.

आणि फ्लोरोसिस. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण हा आपल्या घरचा प्रश्न आहे.

यवतमाळ, चंद्रपूर, तिकडे नांदेड, या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत बोअरच्या आणि हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरं पाणीच नसेल तर फार तर १.५. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी लहान मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत पीत राहिलं, तर हिरडीच्या आत घडत असलेल्या दातांचं एनॅमल नीट पक्कं होत नाही. दात येतात तेच खडूसारखे पांढरे ठिपके घेऊन, आणि पुढे त्या सच्छिद्र जागा तपकिरी होत जातात. मोठेपणी येणारा हा डाग नाही, त्यामुळे कितीही घासलं तरी जात नाही. तरी या मुलांना शाळेत "ब्रश करत नाहीस का?" हे ऐकावं लागतं. मला याचा फार राग येतो.

यवतमाळ जिल्ह्यातून एक शिक्षिका माझ्याकडे येत असत. बोलताना वरचा ओठ खाली ओढून धरायच्या. इतकी वर्षांची सवय, की ओठ सुन्न करून सोडला तरी त्याचे स्नायू तसेच ताठ. त्यांना दहा व्हेनियर हवे होते, दोन ठिकाणी तसा अंदाजही मिळाला होता. आम्ही आधी सौम्य आम्ल मिसळलेला खरखरीत लेप घेऊन डाग घासले. यात एनॅमलचा अगदी केसाएवढा थर जातो. मग घरी रात्री लावायचा ब्लीचिंगचा, म्हणजे दात उजळवणाऱ्या जेलचा ट्रे दिला. सहा आठवड्यांनी दहापैकी आठ दात इतके उजळले, की त्यांनीच आरसा खाली ठेवून विचारलं, "बाकीच्यांना हात लावायलाच हवा का?" शेवटी मधल्या दोन दातांवर खोल खड्डे होते, तेवढ्या दोनांनाच पोर्सिलेनचे, म्हणजे चिनीमातीचे व्हेनियर केले. व्हेनियर धरावं म्हणून एनॅमल आधी आम्लाने किंचित खरखरीत करतात. फ्लोरोसिसच्या एनॅमलवर आम्लाचा परिणाम हळू होतो म्हणून चिकटवण्याआधी आम्ल जरा जास्त वेळ ठेवावं लागतं. हे ज्या डॉक्टरांना माहीत नसतं, त्यांचे व्हेनियर लवकर सुटतात. ओठाची सवय जायला मात्र त्यानंतरही कितीतरी महिने गेले.

माझे दात नुसते पिवळट आहेत, बाकी काही नाही. व्हेनियर करू?

नको. आधी सफाई करून घ्या. निम्म्या लोकांचा पिवळेपणा म्हणजे चहाचं आणि किटणाचं पुट असतं, ते एका बैठकीत निघतं. उरलेल्यासाठी ब्लीचिंग आहे. मापाचा ट्रे आणि १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल, रात्री लावून झोपायचं, साधारण दोन आठवडे. दात थोडे शिवशिवतात, नंतर बरं वाटतं.

एक लक्षात ठेवा. ब्लीचिंगने फक्त खरा दात उजळतो. दातात भरलेलं सिमेंट, कॅप, व्हेनियर यांचा रंग जिथल्या तिथे राहतो. त्यामुळे दोन्ही करायचं असेल तर ब्लीचिंग आधी, मग किमान दोन आठवडे थांबून व्हेनियर. लगेच चिकटवलं तर दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे पकड कच्ची राहते.

कोळशाची पावडर, लिंबू-सोडा, खरखरीत काळं मंजन यांनी दात पांढरे करायच्या फंदात पडू नका. एनॅमल झिजतं आणि आतलं पिवळं डेंटिन जास्तच दिसायला लागतं.

दात वाकडे आहेत, मध्ये फट आहे. तार लावू की व्हेनियर?

फट बारीक असेल आणि बाकी दात जागेवर असतील, तर दोन दातांना थोडं कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं मिश्रण लावून ती एका दुपारी बुजते, कोरावं लागत नाही. वाकडेपणा असेल तर तार किंवा अलाइनर, म्हणजे दात हळूहळू सरकवणारे काढ-घाल करायचे पारदर्शक साचे. "या वयात तार?" असं पस्तिशीच्या बायका विचारतात. हाड आणि हिरड्या चांगल्या असल्या की पन्नाशीतही दात हलतात. वर्ष-दीड वर्ष लागतं हे खरं, पण शेवटी तुमचे स्वतःचे दात तुमच्याकडेच राहतात.

कंपोझिट की पोर्सिलेन?

कंपोझिट म्हणजे दात भरायला वापरतात तेच दाताच्या रंगाचं मिश्रण. ते डॉक्टर तिथल्या तिथे थराथराने लावतात, निळ्या प्रकाशाने कडक करतात. एकाच बैठकीत होतं, कोरणं नगण्य, तुटलं तर दुरुस्त करता येतं, खर्च कमी. पण हळद, चहा, रस्सा यांचे डाग ते धरतं, दोन-तीन वर्षांत चकाकी जाते आणि पाच-सहा वर्षांत बहुधा नव्याने करावं लागतं.

पोर्सिलेनचं कवच लॅबमध्ये घडतं. डाग धरत नाही, चमक टिकते, प्रकाश आरपार जात असल्याने खऱ्या दातासारखं दिसतं. तडकलं तर मात्र बहुतेक वेळा नवीनच करावं लागतं. हल्ली लिथियम डायसिलिकेट नावाची मजबूत सिरॅमिक जास्त वापरतात. काही जण झिरकोनियाचा आग्रह धरतात, सोबत पंधरा वर्षांचं वॉरंटी कार्ड मिळतं म्हणून. झिरकोनिया दणकट आहे, पण आम्लाने ती खरखरीत करता येत नाही, म्हणून पातळ व्हेनियरला तिची पकड तेवढ्या सहज मिळत नाही. शिवाय वॉरंटी असते ती त्या तुकड्याची. खालचा दात किडला तर कार्ड काही कामाचं नाही.

पंचविशीच्या आतलं कुणी असेल तर मी कंपोझिटच सुचवते. पुढे मन बदललं तरी दात शाबूत असतो.

ही पद्धत नवीन आहे का? भरवसा ठेवावा का?

कल्पना जुनी आहे. चार्ल्स पिंकस नावाचे कॅलिफोर्नियातले दंतवैद्य १९३०च्या सुमारास हॉलिवूडच्या नटांना चित्रीकरणापुरते पातळ मुलामे दातांवर चिकटवून देत. संध्याकाळी ते काढून ठेवायचे, कारण तेव्हा टिकाऊ चिकटवण नव्हतं. १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने एनॅमल किंचित खरखरीत करून त्यावर रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ, पक्कं धरतं हे दाखवलं. पोर्सिलेनलाही आतून असंच खरखरीत करून चिकटवायची रीत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आली. म्हणजे आजच्या स्वरूपाला चाळीस वर्षं होऊन गेली. पद्धत भरवशाची आहे. प्रश्न असतो तो कुणाला, कुणी आणि किती कोरून केली याचा.

किती वर्षं टिकतात? खर्च किती?

पोर्सिलेनचे नीट केलेले आणि नीट सांभाळलेले व्हेनियर साधारण १० ते १५ वर्षं, काहींचे त्याहून जास्त. नागपुरात कंपोझिटला एका दाताचे साधारण ३,००० ते ६,००० रुपये आणि पोर्सिलेनला १०,००० ते २०,००० रुपये असा अंदाज धरा. मुंबई-पुण्याच्या चकचकीत दवाखान्यांत यापेक्षा पुष्कळ जास्त आकडे ऐकू येतात. सौंदर्यासाठी केलेल्या दातांचे पैसे आरोग्य विमा सहसा देत नाही.

पण आजचा खर्च हा पहिला हप्ता असतो, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. चोवीस वर्षांच्या मुलाने आठ दात केले आणि प्रत्येक खेप पंधरा वर्षं टिकली असं धरलं, तरी सत्तरी गाठेपर्यंत त्याला ते आणखी तीनदा बदलावे लागणार. दर खेपेला जुनं काढताना दाताचा थोडा थोडा भाग जातो. हा हिशेब कागदावर मांडून घरी नेऊन ठेवा. त्यानंतरही हवंसं वाटलं तर खुशाल या.

हात तंग असेल तर सरकारी दंत महाविद्यालयात जायला कमीपणा मानू नका. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबईत सीएसएमटीजवळचं, मुंबई सेंट्रलचं नायर, गोव्यात बांबोळी. वेळ लागतो, चार-पाच खेपा होतात, पण खर्च पुष्कळ कमी येतो आणि विद्यार्थ्याच्या डोक्याशी अनुभवी प्राध्यापक उभे असतात.

रंग कोणता घ्यावा? सगळ्यात पांढरा चालेल ना?

आमच्याकडे सोळा छटांची पट्टी असते. ए-१ उजळ, मग ए-२, ए-३ करत गडद. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या माणसांचे दात ए-२ ते ए-३च्या आसपास असतात आणि सावळ्या चेहऱ्यावर ते सुंदर दिसतात. त्यापलीकडे ब्लीचिंगच्या छटा येतात, त्या भांड्याच्या चिनीमातीसारख्या. माणूस बोलायला लागला की समोरच्याचं लक्ष आधी दातांवर जातं.

मी रंग कधी खुर्चीवरच्या दिव्याखाली ठरवत नाही. खिडकीपाशी उभं करते, सकाळच्या उजेडात, लिपस्टिक पुसून, गडद साडी किंवा शर्ट असेल तर वर पांढरा रुमाल टाकून. दात ओले असताना बघायचं, कारण तोंड पाच मिनिटं उघडं राहिलं की दात कोरडे पडून उगाच पांढरे दिसतात. सोबत आलेल्या माणसाला हात लांब करून पट्टी धरायला सांगते. आईने निवडलेला रंग बहुधा बरोबर असतो, नवऱ्याने निवडलेला एक छटा जास्त पांढरा.

खालचे दात विसरू नका. वरचे पांढरेशुभ्र आणि खालचे जुनेच, हे हसताना नाही, जेवताना दिसतं.

आधी कसे दिसतील ते बघता येतं का?

येतं, आणि बघितल्याशिवाय एकही दात कोरू देऊ नका. दातांचं माप घेऊन त्याच्या साच्यावर मेणाने नवे दात घडवतात, मग त्याचा छाप तात्पुरत्या रेझिनने तुमच्या न कोरलेल्या दातांवर उठवतात. पंधरा मिनिटांचं काम. मी पेशंटला ते घालून घरी पाठवते. वरणभात खा, फोनवर बोला, आरशापेक्षा व्हिडिओत बघा.

त्या वेळी मी "वावर, विहीर, वाफ, विठ्ठल" असे शब्द बोलून घेते. व म्हणताना वरच्या पुढच्या दातांची कड खालच्या ओठाच्या ओलसर रेषेला हलकी टेकायला हवी. दात लांब झाले असतील तर ओठ चेपतो आणि व जड येतो. एका कीर्तनकार बुवांचा विठ्ठलच अडखळत होता, अर्धा मिलिमीटर कमी केल्यावर मोकळा झाला. हे कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्रात कळत नाही.

दुखतं का?

कोरताना बधीर करतात, त्यामुळे नाही. तात्पुरते व्हेनियर असेपर्यंत आठ-दहा दिवस थंड-गरम झोंबू शकतं. पक्के बसल्यावर थांबलं पाहिजे. महिनाभरानंतरही ठणका राहिला तर दाखवा.

मी झोपेत दात खाते. चालेल?

आधी ते सांगितलंत हे फार चांगलं केलंत, कारण बरेच जण लपवतात आणि वर्षात तुकडा हातात घेऊन येतात. दात खाणाऱ्यांना व्हेनियर अगदीच वर्ज्य नाहीत, पण रात्री कडक प्लास्टिकचा नाइट गार्ड कायम घालावा लागेल. तो घालायची तयारी नसेल तर करू नका. वरचे-खालचे दात कडेला कड टेकत असतील तरीही हाच विचार करावा लागतो.

याच्याच जोडीला, दात आम्लाने झिजत असतील तर आधी त्याचं कारण बंद व्हायला हवं. वजनासाठी रोज सकाळी लिंबूपाणी, उन्हाळ्यात दिवसभर कोल्ड्रिंक, वर्षानुवर्षांची आम्लपित्ताची ढेकर. हे चालू ठेवून वर व्हेनियर बसवले तर कडांशी दात झिजत राहतो. संत्री मात्र बेलाशक खा. फक्त लगेच ब्रश करू नका, आधी चूळ भरा.

खाण्यापिण्याचं पथ्य काय?

जेवण नेहमीचं. पुढच्या दातांनी ऊस सोलणं, सुपारी फोडणं, नळी चोखताना हाड चावणं, सुईतला दोरा तोडणं, बाटलीचं बूच उघडणं बंद. चिक्की आणि तिळाच्या कडक वड्या मोडून दाढेखाली घ्या. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे कंपोझिटचे कोपरे उडालेले पेशंट दरवर्षी येतात.

ब्रश मऊ, पेस्ट साधी, दोन दातांमध्ये रोज धागा. सहा महिन्यांनी सफाईला जाल तेव्हा व्हेनियर आहेत हे आधी सांगा. सफाईच्या यंत्राचं टोक कडेवर आपटलं तर टवका उडतो, आणि आम्लयुक्त फ्लोराइड जेलने पोर्सिलेनची चकाकी जाते. तिथे साधं, आम्ल नसलेलं फ्लोराइड मागा.

खर्रा खातो, आई मिश्री लावते. करता येतील?

सुटेपर्यंत नाही. रंगापेक्षा मला काळजी असते ती गालांच्या आतल्या त्वचेची. खर्रा आणि गुटख्याने ती ताठ होत जाते, तोंड उघडणं कमी होतं, तिखट लागलं की आग होते. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जात नसतील तर व्हेनियरचा विषय बाजूला ठेवून आजच तपासून घ्या. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या खाली सरकलेल्या असतात, त्यामुळे बसवलेल्या व्हेनियरची कड लवकरच उघडी पडते.

मुलगी सोळा वर्षांची आहे, खूप मागे लागली आहे.

थांबा. या वयात दाताच्या आतली नस मोठी असते, कोरताना तिला धक्का पोचू शकतो. हिरडीची रेषाही अजून स्थिरावलेली नसते. फारच त्रास असेल, मुलं चिडवत असतील, तर कंपोझिटने तात्पुरतं नीट करून देता येतं. तिला एकटीला माझ्याशी बोलू द्या. पुष्कळदा त्रास एखाद्याच दाताचा असतो.

लग्न ठरलंय. किती आधी यावं?

सफाई आणि ब्लीचिंगला दोन महिने, व्हेनियरला किमान चार. साखरपुड्यानंतर लगेच आलात तर उत्तम. पंधरा दिवसांवर लग्न असताना मी कुणाचेही दात कोरत नाही.

मुलगा अमेरिकेतून तीन आठवड्यांसाठी येतोय. होईल का?

काम तीन आठवड्यांत होतं. पहिल्या आठवड्यात तपासणी आणि चाचणी, दुसऱ्यात माप, तिसऱ्यात बसवणं. अडचण पुढे येते. महिन्याने बाइट, म्हणजे वरचे-खालचे दात मिटतात ती जागा, थोडा उंच वाटला, एखादी कड खुपली, तर तिथला डॉक्टर दुसऱ्याच्या कामाला हात लावायला नाखूश असतो. दोन-चार दातांसाठी ठीक आहे. दहा दातांसाठी, दोन सुट्ट्यांमध्ये विभागून करा. एक्स-रे आधी मेलवर पाठवता येतात, तेवढा एक आठवडा वाचतो.

पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन मागवून स्वस्तात होतं म्हणतात.

दातांवर उपचार करायला नोंदणीकृत दंतवैद्यच हवा, १९४८च्या डेंटिस्ट्स ॲक्टपासून हा कायदा आहे. मोबाइलवर दिसणारे, दातांवर अडकवायचे प्लास्टिकचे पट्टे फोटोपुरते ठीक. ते घालून जेवलात तर खाली अन्न साठतं आणि दात किडतो.

डॉक्टर कसा निवडावा?

बीडीएस झालेले अनेक जण हे काम उत्तम करतात. कृत्रिम दातांमध्ये किंवा दात जतन करण्याच्या शाखेत एमडीएस असेल तर आणखी बरं. मी स्वतः विचारीन तो प्रश्न हा, "तुमचे पाच वर्षांपूर्वीचे केस दाखवा." नव्याने बसवलेले सगळेच सुंदर दिसतात. पाच वर्षांनी हिरडी कडेपाशी गुलाबी आहे का, हे फोटोत दिसतं. पहिल्याच भेटीत "आज ॲडव्हान्स भरा, सूट देतो" असं म्हणणाऱ्याकडून उठून या.

नको वाटले तर काढून टाकता येतात का?

न कोरता लावलेलं कंपोझिट बहुधा काढता येतं. कोरून बसवलेले काढले तर त्या जागी दुसरे बसवावेच लागतात.

पहिल्या भेटीला काय आणू?

चालू औषधांची चिठ्ठी, जुने एक्स-रे असतील तर ते. नटीचा फोटो आणलात तरी चालेल, पण त्यासोबत तुमचा स्वतःचा एक जुना फोटो शोधून आणा, पंधरा-वीस वर्षांचे असतानाचा, ज्यात तुम्ही दात दाखवून हसला आहात. दात झिजायच्या आधी ते किती लांब होते, कोपरे गोल होते की चौकोनी, मधली रेषा कुठे होती, हे सगळं त्यात असतं. मागच्या महिन्यात एका बाईंनी कॉलेजच्या गॅदरिंगचा पिवळा पडलेला फोटो आणला होता. आम्ही तो भिंगाखाली धरला, लॅबच्या माणसालाही दाखवला आणि मेणाचे दात त्यावरूनच घडवले.